तीनदा उघडलेला गुडघा



ज्यांच्या स्मरणार्थ या वाचनालयात ही व्याख्यानमाला भरते त्या सरांनी मला नववी-दहावीत भूमिती शिकवली. पुढे त्यांचा डावा गुडघा मी तीनदा उघडला. गुरुदक्षिणेची ही रीत काही बरी नव्हे. सरांच्या मुलाला मी विचारलं, बाबांच्या गुडघ्याबद्दल जाहीर बोललो तर चालेल का? तो म्हणाला, "बोला. बाबा असते तर पुढच्या रांगेत बसून चुका काढल्या असत्या." तेव्हा आज जे सांगणार आहे ते त्या घराच्या परवानगीने.

आधी एक विनंती. ज्यांचा गुडघा किंवा खुबा बदललेला आहे त्यांनी हात वर करा. बरेच आहात की! आता ज्यांचा तोच सांधा, त्याच पायाचा, पुन्हा बदलावा लागला त्यांनीच हात वर ठेवा. तीन. त्या खांबाजवळच्या बाई ठेवू की नको अशा विचारात आहेत. असू दे, कळलं. आजचं बोलणं या साडेतीन हातांविषयी आहे.

पहिल्या शस्त्रक्रियेबद्दल तुम्हाला सगळं ठाऊक असतं. शेजारच्या काकू तिसऱ्या दिवशी जिना चढल्या हे अख्ख्या सोसायटीला माहीत असतं. पण दुसऱ्या शस्त्रक्रियेची जाहिरात कधी पाहिलीत? आम्ही डॉक्टरसुद्धा तिच्याबद्दल जरा दबक्या आवाजात बोलतो. 'रिव्हिजन' म्हणतो. परीक्षेच्या आदल्या रात्रीची उजळणी वाटावी असा शब्द! त्यात उजळणी काही नसते. पहिल्या वेळी आम्ही झिजलेल्या हाडावर धातूचं टोपण बसवतो. दुसऱ्या वेळी ते टोपण काढायचं असतं, त्याखाली हाड किती उरलंय ते पाहायचं असतं, आणि उरलेल्या हाडावर पुन्हा माणूस उभा करायचा असतो.

मग पहिला प्रश्न. चांगला बसवलेला सांधा बिघडतोच कशाला?

सर भूमितीची सिद्धता लिहून घेताना पानावर मधोमध उभी रेघ मारायला लावत. डावीकडे विधान, उजवीकडे कारण. उजवी बाजू रिकामी दिसली की गुण कापले. आपण म्हणावं, "सर, पण उत्तर बरोबर आहे ना?" ते म्हणत, "उत्तर शेजाऱ्याच्या वहीतही असतं. कारण लिही." पुनर्सांधेरोपणाचं सगळं शास्त्र मला त्या उजव्या रकान्यात दिसतं. सांधा दुखतोय, हे विधान झालं. कारण?

पहिलं कारण झीज. त्यासाठी तुम्हाला इंग्लंडात, लँकेशायरमधल्या राइटिंग्टनच्या रुग्णालयात घेऊन जातो. जॉन चार्नली हे आजच्या खुबारोपणाचे जनक. मांडीच्या हाडात धातूची दांडी, वर छोटा गोळा आणि समोर गुळगुळीत वाटी, ही रचना त्यांनी रूढ केली. वाटीसाठी त्यांनी १९५८च्या सुमारास टेफ्लॉन निवडलं. हो, तेच, तुमच्या तव्यावरचं. सुमारे तीनशे रुग्णांना तो सांधा बसला आणि माणसं चालायला लागली. दोन-तीन वर्षांत वाट्या झिजल्या. टेफ्लॉनचा भुगा सांध्यात साचला आणि त्याने आजूबाजूचं हाड खाल्लं. हे सांधे स्वतः चार्नलींनी पुन्हा उघडले. म्हणजे बघा, खुबारोपणाच्या जनकालाच सगळ्यात आधी पुनर्रोपणाचा धडा गिरवावा लागला.

पुढची हकिकत मजेशीर आहे. कापडगिरण्यांच्या मागांना प्लॅस्टिकची दातेरी चाकं विकणारा एक विक्रेता १९६२मध्ये तिथे आला. त्याच्याकडच्या पॉलिएथिलिनच्या तुकड्यात चार्नलींना काही दम वाटला नाही. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र तो गुपचूप घासणीच्या यंत्राला लावला. टेफ्लॉन एका दिवसात जितकं झिजत होतं तितकं हे तीन आठवड्यांतही झिजलं नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात या प्लॅस्टिकची वाटी पहिल्यांदा माणसात बसली. पण आता चार्नली पोळले होते. त्यांनी दोन्ही पदार्थांचे बारीक कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले आणि कुठे गाठ येते ते महिनोन्महिने चाचपत राहिले. टेफ्लॉनच्या जागी गाठी आल्या. रुग्णांना तर ते सांगून ठेवत की, तुमच्या पश्चात तुमचा खुबा आम्हाला परत द्या, आतून किती झिजला ते पाहायचं आहे. आणि लोक देत. हे वाक्य ध्यानात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

झिजेचे कण शरीराला दिसतात. आपल्या पांढऱ्या पेशी ते गिळतात, पचवू शकत नाहीत, चिडतात आणि त्या चिडीत हाड विरघळवणाऱ्या पेशींना कामाला लावतात. बाहेरून काही कळत नाही. रुग्ण चालतो, बाजारात जातो. आत इम्प्लांटच्या मागे वाळवी लागल्यासारखं हाड पोकळ होत जातं. म्हणून आम्ही 'दुखत नसलं तरी अधूनमधून एक्स-रे काढा' म्हणतो, तेव्हा तो डॉक्टरांचा धंदा समजू नका.

नव्वदच्या दशकाअखेर आलेल्या सुधारित प्लॅस्टिकने ही झीज पुष्कळ कमी केली. ऑस्ट्रेलिया-फिनलंडमधल्या नोंदी सांगतात की, पंचवीस वर्षांनंतरही शंभरातले सुमारे ८२ पूर्ण गुडघे आणि ५८ खुबे जागेवर होते, आणि ते सांधे जुन्या पिढीचे होते. वय मात्र फार फरक पाडतं. ब्रिटनमधल्या अभ्यासात सत्तरीत सांधा बदलणाऱ्यांपैकी साधारण विसांत एकाला आयुष्यात पुन्हा टेबलावर जावं लागेल असं दिसलं. पन्नाशीच्या सुरुवातीला बदलणाऱ्या पुरुषांत हाच धोका ३५ टक्क्यांपर्यंत जातो. आपल्याकडे खुबे तर चाळिशीच्या आतही बदलावे लागतात. स्टेरॉइडमुळे, दारूमुळे खुब्याचा गोळा सुकलेली तरुण मुलं येतात. "एकदा बदलला की आयुष्यभराची काळजी मिटली," असं त्या मुलाला सांगणारा डॉक्टर त्याची फसवणूक करतो.

सांधा सैल होतो, खुबा निखळतो, पडल्यावर इम्प्लांटच्या टोकाशी हाड मोडतं, कधी गुडघा ताठर होऊन बसतो. ही सगळी कारणं आहेत. पण मला खरं बोलायचंय ते पुढच्या कारणावर. कारण सरांचं कारण ते होतं.

जंतुसंसर्ग.

सरांचा गुडघा पहिल्यांदा मीच बदलला. सहा वर्षं उत्तम गेली. सरांना मधुमेह होता आणि पहाटे बागेत अनवाणी फिरण्याचा हट्ट होता. टाचेला भेगा. एका भेगेत पू झाला, त्यांनी हळद लावली. पंधरा दिवसांनी बदललेला गुडघा सुजला, गरम झाला. घराजवळच्या दवाखान्यातून पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या मिळाल्या. सूज उतरली. परत आली. पुन्हा गोळ्या, जरा भारी. पुन्हा उतरली. असे दोन महिने गेले आणि मग सर माझ्याकडे आले. का नाही आलात आधी? तर म्हणे, "तू कामात असतोस."

आता ही गोष्ट जरा जवळून बघा. धातूवर जंतू बसले की ते स्वतःभोवती एक चिकट पापुद्रा विणतात. नदीतल्या दगडावरचं शेवाळ आठवा. पाणी वरून कितीही वाहू दे, शेवाळ सुटतं का? अँटिबायोटिक रक्तातून येतं, मोकळे फिरणारे जंतू मारतं, सूज उतरते, घरचे देवाला नारळ फोडतात. शेवाळाखालचे जंतू शाबूत असतात. आणि त्या गोळ्यांनी आणखी एक घात होतो. आम्ही सांध्यात सुई घालून पाणी काढतो आणि जंतू ओळखायला लॅबकडे पाठवतो तेव्हा बशीत काही उगवतच नाही. चोर आत आहे, पण ओळखपरेडला उभा राहत नाही.

सरांचं पहिलं पाणी असंच निर्जंतुक आलं. मी सगळ्या गोळ्या बंद केल्या. घरचे घाबरले, सुजलेला गुडघा आणि डॉक्टर औषध बंद करतो? दोन आठवडे वाट पाहिली, पुन्हा सुई घातली. स्टॅफिलोकॉकस सापडला. त्वचेवर राहणारा, भेगेतून शिरलेला. सरांना सांगितलं तेव्हा ते पलंगावर पडल्या पडल्या म्हणाले, "म्हणजे कारण मिळालं. आता विधान लिही."

म्हणून हात जोडून सांगतो. बदललेला सांधा कितीही वर्षांनी सुजला, गरम झाला, त्यातून पाणी झिरपलं, तर कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून अँटिबायोटिक सुरू करू नका. ताप भरून अंग थरथरत असेल तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. नाहीतर आधी सुई, मग गोळी. संसर्ग लवकर, पहिल्या काही दिवसांत पकडला तर सांधा धुऊन, आतलं प्लॅस्टिक बदलून तो वाचवण्याची संधी असते. दोन महिन्यांनी ती नसते.

मग काय करायचं? सगळं बाहेर काढायचं. धातू, प्लॅस्टिक, सिमेंटचा कण अन् कण. हे सिमेंट मुळात दंतवैद्यांकडून आलेलं, कवळीच्या जातीचं. जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये बुखहोल्ट्स यांनी १९७०च्या सुमारास त्यात अँटिबायोटिक कालवायला सुरुवात केली, आणि संसर्गाच्या उपचारांना तिथून वळण लागलं. रिकाम्या झालेल्या सांध्यात आम्ही अशा औषधी सिमेंटचा ठोकळा ठेवतो. त्याला स्पेसर म्हणतात. तो जागा राखतो आणि आठवडेच्या आठवडे औषध पाझरत राहतो. बरोबर शिरेतून सहा आठवडे इंजेक्शनं. रक्ताच्या तपासण्या खाली आल्या, जखम कोरडी राहिली, की मग नवा सांधा. म्हणजे एका दुखण्यासाठी दोन शस्त्रक्रिया. आणि एवढं करून यश किती? दहांतले साधारण आठ. उरलेल्या दोघांना पुन्हा झगडावं लागतं. एखाद्याचा सांधा कायमचा जखडावा लागतो, क्वचित पाय जातो.

ते मधले आठवडे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. हाड बरंच गेलं होतं, म्हणून सरांच्या गुडघ्यात न वाकणारा स्पेसर होता. पाय मांडीपासून घोट्यापर्यंत ब्रेसमध्ये सरळ. ओसरीवर खुर्ची, समोर स्टूल, स्टुलावर पाय. घरातल्या न्हाणीघराचं दार अरुंद. वॉकर आत जाईना, म्हणून मुलाने दाराची चौकट काढून टाकली आणि पडदा लावला. ज्या माणसाने चाळीस वर्षं वर्गात उभं राहून शिकवलं त्याला पडद्याआडून हाक मारावी लागे. त्या आठवड्यांत सर कोणावर ओरडले नाहीत. ते बोलेनासेच झाले. सूनबाईंनी मला फोन केला, "भाऊजी, जखम छान आहे, पण बाबांचं काहीतरी बघा." माझ्या वहीत त्या दिवशी लिहिलंय: जखम कोरडी, तपासण्या उतरल्या. बाकी काही लिहिलेलं नाही. आमच्या वह्यांत त्यासाठी रकानाच नसतो. मी शेजारची चार मुलं गणितं घेऊन पाठवली. स्टुलावरच्या पायाशेजारी पाटी ठेवून सरांनी शिकवणी सुरू केली. औषधापेक्षा ते बरं लागू पडलं असं म्हणत नाही. जंतू औषधानेच गेले. पण सर जेवायला लागले.

दुसऱ्यांदा उघडलेल्या सांध्यात आम्हाला काय दिसतं? पहिल्या वेळी ऊतींचे थर सुटे असतात. आता सगळा व्रण एकमेकांत चिकटलेला. घट्ट रुतलेली दांडी खुब्यातून निघत नाही, तेव्हा मांडीच्या हाडाची बाहेरची बाजू लांबलचक पट्टीसारखी कापून दार उघडावं तशी उघडावी लागते आणि मग तारांनी बांधून मिटावी लागते. हाडातले खड्डे धातूच्या जाळीदार शंकूंनी भरतात, नाहीतर दुसऱ्या माणसाच्या हाडाने. दुसऱ्याचं हाड कुठून येतं? ज्यांचा खुबा पहिल्यांदा बदलतो त्यांचा काढलेला गोळा दान करता येतो. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाची ऊतिपेढी १९८८पासून असं काम करते. तिथली हाडं गॅमा किरणांनी निर्जंतुक होतात. तुमचा दुखरा, टाकाऊ गोळा दुसऱ्याच्या पायात भर घालू शकतो, हे किती जणांना ठाऊक आहे?

धोकेही जास्त, ते झटकन सांगतो. रक्तस्राव जास्त. पायात गुठळी होण्याची भीती आहेच. एखाद्याची नस ताणून पाऊल लोंबतं. खुबा निखळण्याचं प्रमाण पहिल्यापेक्षा बरंच अधिक. फ्रान्समध्ये बुस्के यांनी सत्तरच्या दशकात काढलेली दुहेरी फिरणारी वाटी अशा वेळी कामी येते. तरी खाली वाकून चप्पल उचलायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, बुटक्या मुढ्यावर बसायचं नाही, ही पथ्यं उरतातच.

आणि एक गोष्ट आमच्या बिरादरीला उद्देशून. दुखतंय पण कारण सापडत नाही, अशा सांध्याला सुरी लावू नये. साध्या पहिल्या गुडघ्यानंतरही पाचांत एक जण पुरता समाधानी नसतो. ते दुखणं कधी कंबरेतून येतं, कधी खुब्यातून, कधी नसांतून. उजवा रकाना रिकामा ठेवून केलेली शस्त्रक्रिया दुखणं घालवत नाही, हाड मात्र घालवते.

आता बरं होणं. इथे सगळ्यात मोठी चूक मोजपट्टीची होते. पहिल्या वेळी सहा आठवड्यांत वॉकर सुटला, म्हणून या वेळीही सुटेल? हाड कापून बांधलंय, भराव टाकलाय. सहा ते बारा आठवडे पूर्ण भार टाकायचा नाही असंही असू शकतं. सूज सहा महिने राहते. सुधारणा वर्षभर, कधी दीड वर्ष चालू राहते. आणि गुडघा किती वाकेल? खुर्चीतून नीट उठायला साधारण नव्वद अंश लागतात. सरांचा ८५वर थांबला. फिजिओथेरपिस्ट मुलगी कोनमापक घेऊन मोजायची, आणि सर तिच्या हातातून तो घेऊन स्वतः पुन्हा मोजायचे. "अगं, शून्य रेषा मांडीच्या हाडाला लाव, चादरीला काय लावतेस?" पाच अंशांसाठी मी भूल देऊन गुडघा वाकवायला तयार होतो. सरांनी विचारलं, "खुर्चीची उशी दोन इंच वाढवली तर?" उशी वाढवली. प्रश्न सुटला. मांडी घालून जेवणं पहिल्या शस्त्रक्रियेनंतरच सुटलं होतं. श्रावणातल्या सत्यनारायणाला ते टेबलाशी बसले, गुरुजींनी कुरकुर केली नाही.

घरच्यांनी तुलना करायची तर शेजारच्या काकूंशी करू नये. पडद्याआडून हाक मारणाऱ्या माणसाशी करावी. नवव्या महिन्यात सर काठी टेकत या वाचनालयाच्या सात पायऱ्या चढले. चांगला पाय आधी, दुखरा मागून, उतरताना उलट. वर आले आणि ग्रंथपालांना म्हणाले, "वर्तमानपत्राची तार अजून सैलच आहे."

पैशाचं एका दमात. ऑगस्ट २०१७मध्ये सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींना लगाम घातला, तेव्हा साध्या इम्प्लांटला ५४,७२० रुपये आणि पुनर्रोपणाच्या इम्प्लांटला १,१३,९५० रुपये अशी कमाल किंमत ठरली, कर वेगळा. ही नुसत्या धातू-प्लॅस्टिकची किंमत. दोन शस्त्रक्रिया, सहा आठवड्यांची इंजेक्शनं आणि घरातल्या एका माणसाची बुडालेली रोजी यांना कुठलीच कमाल मर्यादा नाही. विम्याची पॉलिसी काढताना दुसऱ्या खेपेचा विचार कोणी करत नाही.

शेवटचा मुद्दा कागदाचा आहे आणि तो तुम्हाला क्षुल्लक वाटेल. शस्त्रक्रियेच्या वेळी प्रत्येक इम्प्लांटच्या खोक्यातून छोटे स्टिकर निघतात. कंपनी, माप, क्रमांक. ते तुमच्या फायलीत चिकटवलेले असतात. त्याचं काय एवढं? ऑगस्ट २०१०मध्ये डीप्यू कंपनीने एएसआर नावाचा धातूवर धातू घासणारा खुबा जगभरातून परत मागवला, कारण पाच वर्षांतच शंभरातले बारा-तेरा पुन्हा बदलावे लागत होते. जगात ते सुमारे ९३,००० जणांना बसले होते, भारतात ४,७००च्या आसपास. नुकसानभरपाई देण्याची वेळ आली तेव्हा आपल्याकडच्या बहुतेक रुग्णांचा पत्ताच लागेना. कोणाच्या खुब्यात काय आहे हे सांगणारा कागद कुठे रद्दीत गेला, कुठे वाळवीने खाल्ला. शिवाय दुसऱ्यांदा उघडणाऱ्या डॉक्टरला आत कोणत्या बनावटीचं सामान आहे ते आधी कळलं, तर ते काढायची नेमकी हत्यारं मागवता येतात. नाहीतर अंदाजपंचे! तेव्हा घरी गेल्यावर ती फाइल काढा, स्टिकरच्या पानाचा मोबाइलवर फोटो घ्या आणि मुलांना पाठवा. सर ते पान मेणकागदात घालून लोगॅरिदमच्या पुस्तकात ठेवत.

चार्नलींची गोष्ट मी सरांना स्पेसरच्या दिवसांत सांगितली होती, खुबे परत मागण्याची. ते हसले नाहीत. विचार करून म्हणाले, "रास्त आहे. वस्तू दिली की हिशेब मागावा."

सर गेले ते गुडघ्याने नव्हे, पाच वर्षांनी, झोपेत, हृदयविकाराने. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा मुलगा दवाखान्यात आला. रुग्णांची रांग होती, तो रांगेत बसला. आत आल्यावर त्याने पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी टेबलावर ठेवलं. सकाळी राख सावडताना मिळालं म्हणाला. प्लॅस्टिक जळून गेलं होतं, सिमेंट जळून गेलं होतं. वरचा भाग काळपट-निळसर पडलेला, लांब दांडी तशीच. "बाबांनी सांगून ठेवलं होतं, हे डॉक्टरांचं, त्यांना नेऊन दे." दुसऱ्या हातात त्याने मेणकागदातलं ते पान आणलं होतं. मी टेबलावरचा दिवा जवळ ओढला, बोटाने राख पुसली आणि दांडीच्या बुडाशी कोरलेला क्रमांक एकेक आकडा करत वाचायला लागलो. तो पानावरचे आकडे ताडून पाहत होता.